बाम्बर्गची धुरकट बिअर पिताना या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतः केली म्हणून आधी तीच सांगतो. जर्मनीत न्यूरेंबर्गवरून ट्रेनने बाम्बर्गला गेलो, थेट श्लेंकर्ला हे स्वतःची बिअर बनवणारं पब गाठलं, काळपट रंगाची राउखबिअर (म्हणजे धुरकट बिअर) मागवली, एक छोटा घोट घेतला आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो. गावच्या बंबाचं पाणी पितोय की काय असं वाटलं राव! दुसऱ्या दिवशी परत गेलो तेव्हा कळलं की ही बिअर पहिल्या घोटावर जोखायचीच नसते, अर्धा लिटर संपेपर्यंत नाक धुराला सरावतं आणि मग माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा लागायला लागतो. तिथली लोकं तर तीन ग्लास प्या मग बोला म्हणतात.

दुसरं म्हणजे वासावरून यात मांस आहे असं समजून शाकाहारी मंडळी हातच लावत नाहीत. अहो, मांसबिंस काही नाही. मोड आलेलं बार्ली बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात, तो धूर दाण्यात मुरतो, बस्स. पूर्वी लाकडाच्या जाळावर माल्ट वाळवणं सर्रास चालायचं, पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला, इथे मात्र टिकला.

आता क्रम, हे कोणी सांगत नाही. श्लेंकर्लाची मार्झेन, म्हणजे त्यांची ती धुरकट बिअर (५.१ टक्के अल्कोहोल), आधी प्यायलात तर नंतर श्पेत्सियाल या दुसऱ्या पबची सौम्य राउखबिअर साधी बिअर वाटणार, पैसे पाण्यात. श्पेत्सियाल १५३६ पासूनचं आहे आणि स्टेशनवरून चालत जुन्या शहरात जाताना वाटेतच लागतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. आणि धूर नकोच म्हणून श्लेंकर्लाची हेलेस ही फिकट रंगाची बिअर मागवाल तर फसाल, तिच्यात धुरी दिलेला माल्ट नसतो तरी त्याच कढया आणि तेच यीस्ट वापरतात म्हणून थोडा वास उतरतोच.

धूर फारच चढला तर रिकाम्या पोटी रेटू नका, ब्रेड-चीज मागवा, लगेच फरक पडतो. बर्फ तर मागूच नका, गार केली की चव मरते. खिशात थोडी कॅश असू द्या.

घरी आणायची असेल तर भारतात २ लिटरपर्यंत ड्यूटी नाही, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, त्याही चेक-इन बॅगेत, आणि प्रत्येक बाटली वेगळी गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. मी नुसती स्वेटरमध्ये गुंडाळली होती, एक फुटली, तो स्वेटर तीनदा धुतला तरी घालून बसलो की आई विचारते, हुरडा खायला गेला होतास का रे?