वॉर्डात छोटे एअर प्युरिफायर तपासण्याआधी

यंत्र खोक्यातून काढण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. ४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच म्हणजे ६० घनमीटर. तासाला ६ वेळा हवा बदलल्याइतका परिणाम हवा असेल तर यंत्राने तासाला ३६० घनमीटर शुद्ध हवा द्यायला हवी. १२ वेळा बदलल्याइतका परिणाम हवा असेल तर ७२०. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या नव्या आयसोलेशन खोल्यांसाठी १२ हाच आकडा धरते. खोक्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती शुद्ध हवा देतं तो आकडा, बहुधा सर्वांत वरच्या वेगाचा असतो. रात्री तो वेग कोण चालू ठेवणार? रुग्णाची झोप उडाली की सिस्टर बटण खाली आणतात, आणि त्यांचं चुकत नाही. तेव्हा आवाजमापक उशीजवळ धरून प्रत्येक वेगाची नोंद करा आणि रात्री खरोखर चालेल त्याच वेगावर मुख्य चाचणी घ्या.

फिल्टर हेपा (अतिसूक्ष्म कणही अडवणारा) आहे की नुसताच 'हेपासारखा', हे कागदपत्रांत पाहून घ्या. फिल्टरच्या कडेने हवा निसटते का हे बाहेर येणाऱ्या हवेत कणमोजणी यंत्र धरून कळतं. आयोनायझर (कणांना विद्युतभार देणारा भाग) असेल तर तो बंद करता येतो ना, हे आधी विचारा, कारण त्यातून ओझोन निघू शकतो; ओझोन सोडणारं यंत्र दमेकऱ्याच्या खाटेशेजारी नकोच.

मुख्य चाचणी रिकाम्या खोलीत. मिठाचं पाणी नेब्युलायझरने फवारून हवेत कण भरायचे. धूर ओळखणारा अलार्म वाजू शकतो, म्हणून सुरक्षा विभागाला आधी कळवा. दारं-खिडक्या आणि एसी एका ठरावीक स्थितीत ठेवा, हवा मिसळायला छोटा पंखा लावा. फवारणी थांबवून आधी प्युरिफायर बंद ठेवून कण किती वेगाने घटतात ते मोजा, मग पुन्हा तेवढेच कण भरून तो चालू करून मोजा. बंद असतानाची मोजणी बहुतेक जण टाळतात, आणि खोलीची स्वतःची हवा खेळती असल्याचं श्रेय यंत्राला मिळून जातं. समजा घटीचा वेग बंद असताना तासाला २ हवाबदलांइतका आणि चालू असताना ७ निघाला, तर यंत्राचे ५. ६० घनमीटरच्या खोलीत ते ३०० घनमीटर झाले. मोजणी यंत्र प्युरिफायरजवळ नको, रुग्णाचं डोकं जिथे असेल तिथे हवं. पडदा ओढून आणखी एकदा मोजा, कारण वॉर्डात पडदे ओढलेलेच असतात.

कार्बन डायऑक्साइडचं मीटरही सोबत घ्या, पण त्याचा आकडा प्युरिफायरने उतरेल अशी आशा धरू नका. कण अडवणारा फिल्टर हा वायू अडवत नाही. तो आकडा चढला तर बाहेरची हवा कमी येते आहे, आणि त्यावर दुसरा उपाय लागेल.

जंतूंचे नमुने घ्यायचे असतील तर मायक्रोबायोलॉजी विभागाशी आधी बोला. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात कोविडच्या काळात असे फिल्टर चालू-बंद करून हवा तपासली गेली होती. तिथल्यासारखे दोन्ही काळांचे नमुने घ्या, आणि राउंड, चादरी बदलणं, भेटीची वेळ यांची नोंद शेजारी ठेवा. चादर झटकली की आकडे उसळतात.

प्लग कुठल्या बोर्डावर, वायर स्ट्रेचरच्या वाटेत येते का, हे बायोमेडिकलच्या माणसाला दाखवा. वापरलेला फिल्टर कोण काढणार, हातमोजे-मास्क घालून कुठल्या पिशवीत बांधणार, हेही चाचणीआधीच लिहून सही घ्या.