मशीन दुकानातून निघण्याआधी

पुण्यातलं भाड्याचं वन बीएचके, शेवटचा मजला. ड्राय बाल्कनीत एक नळ, एक नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड) आणि मिक्सर चालेल एवढाच एक प्लग. तिथे आम्हाला कपड्यांचं मशीनही बसवायचं होतं आणि डिशवॉशरही. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मूल लहान, भांड्यांच्या मावशींची वेळ आमच्या वेळेशी जमेना, त्यामुळे ही चैन नव्हती. दोन्ही मशीनं बसली आणि नीट चालली. पण आधी दुकानात गेलो आणि मग घर बघितलं, तो क्रम चुकला. तुम्ही घरापासून सुरुवात करा.

पहिल्यांदा टेप घ्या. फ्रंट लोड मशीन आणि मोठा डिशवॉशर, दोन्ही साधारण ६० सेंटिमीटर रुंद, तेवढेच खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच असतात. मागे नळ्यांसाठी चार बोटं जागा सोडावी लागते, पुढे दार पूर्ण उघडायला हवं. बाल्कनीच्या दाराची चौकट आणि जिन्याचं वळणही मोजा. जागा कमीच असेल तर ओट्यावर बसणारा आठ जणांच्या भांड्यांचा डिशवॉशर बघा. तिघाचौघांच्या घराला तो पुरतो, मात्र कुकर आणि कढई एका वेळी मावतेच असं नाही.

मग वीज. इथे घाई करू नका. दोन्ही मशीनं पाणी तापवतात, आणि हीटर चालू असताना प्रत्येकी २००० वॅटच्या आसपास खेचतात. २३० व्होल्टवर ते जवळपास ९ अँपिअर होतात, म्हणजे ६ अँपिअरचा साधा प्लग बाद. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, प्रत्येक मशीनला स्वतंत्र. भाड्याच्या घरांत एक गोष्ट हमखास आढळते: बाहेरचा सॉकेट जाड पिनांचा, आतली वायर मात्र बारीक. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोर्ड उघडून वायर बघायला सांगा, ती कोणत्या एमसीबीवर (भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहे ते विचारा आणि अर्थिंग तपासून घ्या. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या मशीनला अर्थिंग नसेल तर ते लावूच नका. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. महावितरणच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती वीज वापरायची परवानगी आहे ते, लिहिलेलं असतं, तेही वाचा. आम्ही घरात नियमच केला: गीझर बंद झाल्यावर कपडे, कपडे झाल्यावर भांडी.

पाण्याचा दाब हा शेवटच्या मजल्याचा खास प्रश्न. टाकी डोक्यावर, म्हणून पाणी भरपूर असं वाटतं, पण दाब उंचीवर ठरतो. दर एक मीटरला साधारण ०.१ बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार लागतो, काही डिशवॉशरना ०.५. म्हणजे नळापासून टाकीतलं पाणी तीन ते पाच मीटर वर हवं, आणि शेवटच्या मजल्यावर बहुधा तेवढं अंतर नसतं. १० लिटरची बादली नळाखाली लावून वेळ बघा. दीड-दोन मिनिटं लागत असतील, तर मॉडेल ठरवण्याआधी त्याच्या मॅन्युअलमधला किमान दाब वाचा. कमी दाबावर चालणारी मॉडेल्स मिळतात. छोटा प्रेशर पंप हा दुसरा उपाय, पण त्यासाठी घरमालकांची परवानगी लागेल.

एका नळावर दोन मशीनं चालवायची तर टू-वे नळ घ्या, दोन्ही तोंडांना वेगळे कॉक असलेला. आपल्या नळाचा आटा बहुधा अर्ध्या इंचाचा आणि मशीनच्या नळीचा पाऊण इंचाचा, तेव्हा मधला जोड आणि टेफ्लॉन टेप आधीच आणून ठेवा. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर ते बहुधा जड असतं, म्हणून डिशवॉशरचं खास मीठ लागतं. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच एकत्र मोजतो, त्यावरून पाण्याचा जडपणा कळत नाही. जडपणा तपासायच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात, आलेल्या आकड्याप्रमाणे मशीनचं सेटिंग करा. स्वयंपाकातलं आयोडिनचं मीठ त्यात घालू नका.

सांडपाण्याकडे आम्ही पुरेसं लक्ष दिलं नाही. नळी नहाणी ट्रॅपमध्ये नुसती सोडलेली होती, बांधली नव्हती. पंप सुरू झाला, नळी उसळून बाहेर पडली, पाणी उंबऱ्याखालून गेलं आणि खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. रंगाचा खर्च आम्ही दिला, पण त्यांच्या डब्यांवर पडलेलं ते पाणी मला अजून आठवतं. तेव्हा नळी क्लॅम्पने पक्की बांधा, पण ट्रॅपमध्ये ठासून बसवू नका, हवा जायला जागा हवी. फ्रंट लोडची नळी आधी जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच न्या आणि मग खाली वळवा. नाहीतर भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं आणि मशीन पुन्हा पुन्हा पाणी भरत राहतं. ट्रॅपमध्ये दोन बादल्या एकदम ओतून बघा. पाणी तुंबलं तर आधी प्लंबर, मग मशीन. काही इमारतींत बाल्कनीचा पाइप पावसाच्या पाण्याच्या लाइनला जोडलेला असतो. तसं असेल तर भांड्यांचं तेलकट पाणी तिथे सोडू नका, सिंकखालच्या पाइपाला जोड काढून घ्या. तो पाइप मऊ, घड्यांचा असेल तर बदला, कारण डिशवॉशरचं पाणी कढत येतं.

टाइलला भोक पाडण्याआधी घरमालकांना फोटोसकट मेसेज करा, कोणतं काम, खर्च कोणाचा, जाताना काय काढून न्यायचं, सगळं लेखी. बहुतेक काका-काकू हो म्हणतात. विचारलं नाही याचंच त्यांना वाईट वाटतं.

मशीन आलं की पाणसळ ठेवून पाय सारखे करा, बाल्कनीच्या फरशीला उतार असतोच. तळाला उंदरांसाठी जाळी मागून घ्या. डिशवॉशरच्या मिठाच्या कप्प्यात फक्त पहिल्या वेळी पाणी भरायचं, मग मीठ, आणि लगेच रिकामी फेरी चालवायची, म्हणजे सांडलेलं मीठ धुऊन जातं. कपड्यांच्या मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट सुरू करण्याआधी न विसरता काढा, आणि टाकू नका. आपला करार ११ महिन्यांचा. पुढच्या घरी ड्रम हलू न देता मशीन न्यायला तेच बोल्ट लागतात. आमचे एका पिशवीत आहेत, घरमालकांच्या जुन्या नळाबरोबर, कराराच्या फाइलमध्ये.