राजीनामा आल्यावर धावू नका: माणसं टिकवताना या चुका टाळा

राजीनाम्याचा मेल आला की धावपळ सुरू होते. 'पगार वाढवतो, टीम बदलून देतो, पण थांब!' तोवर उशीर झालेला असतो. बहुतेकदा माणूस मनाने काही महिने आधीच बाहेर पडलेला असतो. मीटिंगमध्ये बोलेनासा होतो, नवं काही सुचवत नाही, नेमून दिलेलं तेवढंच करतो. हे दिसलं की त्याच आठवड्यात समोरासमोर बसा. 'काम कुठे अडतंय? इथे काय बदललं तर बरं वाटेल?' एवढं विचारा आणि ऐकून घ्या. मध्येच खुलासे देत बसू नका.

पगार वाढवला की प्रश्न मिटला, हा समज फार चिवट आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना कामातले समाधानाचे आणि वैतागाचे प्रसंग विचारले. समाधानाच्या प्रसंगांत हातून झालेलं चांगलं काम, त्याची दखल आणि जबाबदारी पुढे आली. वैतागाच्या प्रसंगांत कंपनीची धोरणं आणि वरिष्ठांची देखरेख. पगारही हर्झबर्ग यांनी वैतागाच्या बाजूलाच धरला. म्हणून पगार कमी असेल तर तो आधी नीट करा, त्याला पर्याय नाही. पण त्याने फक्त तक्रार थांबते, कामाची ओढ लागत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती वेगळीच चूक: जो चांगलं करतो त्याच्याच डोक्यावर आणखी काम. कामचुकार निवांत, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे तो रात्री उशिरापर्यंत बसलेला. नवं काम देताना त्याच्याकडचं जुनं काय काढणार, हे आधी ठरवा. जबाबदारी वाढवलीत तर निर्णयाचा अधिकारही द्या.

उत्तम काम करणाऱ्याला थेट मॅनेजर करून टाकणं हीसुद्धा नेहमीची गफलत. माणसं सांभाळणं हे वेगळं कौशल्य आहे, ते शिकवावं लागतं. गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार, वेगवेगळ्या टीमच्या कामातल्या उत्साहात जो फरक दिसतो, त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरशी जोडलेला असतो.

कर्मचाऱ्यांचं मत विचारणारा सर्व्हे भरून घेऊन गप्प बसणार असाल तर तो घेऊच नका. जे जमणार नाही तेही कारणासकट सांगा.

एवढं करूनही कोणी निघालंच, तर शेवटच्या दिवसांत त्याला वाळीत टाकू नका. मागे राहणारे ते पाहत असतात. हिशेब आणि अनुभवाचं पत्र वेळेवर हातात द्या.