अंडा रामेनची तयारी, आपल्याच फडताळातून

दोन माणसांसाठी घरी अंडा रामेन, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्स आणि वर मुरवलेलं अंडं, करायचं असेल तर तयारीला आदल्या संध्याकाळी लागा. गॅसवरचा शेवटचा खेळ जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पण त्या दहा मिनिटांत काही शोधायला, चिरायला, कुटायला उसंत मिळत नाही. नूडल्स तेवढ्यात फुगतात. म्हणून खाली लिहिलं आहे ते कामाच्या वेळेच्या क्रमाने. आणि एक गोष्ट आधीच ठरवून टाका: जपानी बाटल्यांची नावं घेऊन मुंबईभर फिरायचं नाही. तो जिन्नस वाडग्यात कोणतं काम करतो ते बघायचं आणि तेच काम करणारं आपल्या फडताळात काय आहे ते काढायचं. माझ्या मते असं केलेलं रामेन महागड्या बाटल्यांच्या रामेनपेक्षा जास्त चवीचं होतं, कारण हे जिन्नस आपल्या हाताला ओळखीचे असतात.

खरेदीत सगळ्यात आधी सुकट. मासळी बाजारात मिळते, मरोळचा सुक्या मासळीचा बाजार तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. घरात पावसाळ्याची बेगमी म्हणून भरून ठेवलेला डबा असेल तर प्रश्नच मिटला. सुकट कशाला, ते सांगते. जपानी रश्श्याची चव दोन गोष्टींवर उभी असते, कोंबू नावाचं समुद्रशेवाळ आणि वाळवलेला, धुरावलेला मासा. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबूमधून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि १९१३ साली शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या माशातला तसाच चवीचा घटक, इनोसिनेट, शोधला. ही दोन एकत्र आली की चव त्यांच्या बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. आपल्याकडे ग्लुटामेटसाठी पिकलेला लाल टोमॅटो आहे आणि इनोसिनेटसाठी कोंबडीची हाडं. कोळंबीच्या जातीत त्याच कुळातलं अ‍ॅडेनिलेट असतं, म्हणून सुकट. समुद्राचा वासही तीच आणते.

कोंबडीवाल्याकडून मान, पाठीची हाडं आणि दोन पंजे मागून घ्या, सगळं मिळून अर्धा किलोच्या आत. बाकी यादी छोटी: अंडी चार, पातीचा कांदा, आलं, लसूण, टोमॅटो, पालक, हक्का नूडल्सचं पाकीट, तीळ, काकवी, ब्याडगी मिरची आणि मिळालं तर तिरफळ. सोया सॉसची बाटली मात्र उलटी करून लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. कॅरमेलचा रंग घातलेला काळा, दाट सॉस असेल तर तो नुसता रंग देतो आणि जिभेवर करपट लागतो. तसा वापरावाच लागला तर प्रमाण कमी करा आणि उरलेला खारटपणा मिठाने भरून काढा.

अंड्यांचं काम आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर. अंडं पाण्यात सोडून बघा. आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर थोडं जुनं, तरंगलं तर टाकून द्या. यातलं उभं राहणारं अंडं आपल्या कामाचं, कारण अगदी ताज्या अंड्याचं साल पांढऱ्याला घट्ट धरून बसतं. पाणी खळखळ उकळू द्या, अंडी डावाने हलकेच सोडा आणि पहिलं मिनिटभर पाणी गोल ढवळत राहा, म्हणजे बलक मधोमध राहतो. फ्रीजमधली अंडी असतील तर साधारण सात मिनिटं, बाहेरची असतील तर सव्वासहा. हा हिशोब मुंबईचा आहे. पुण्यात उंचीमुळे पाणी जवळपास दोन अंश आधी उकळतं, तिथे थोडं जास्त धरावं लागेल. वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि पूर्ण गार झाल्यावर पाण्याखालीच साल काढा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजी-आजोबा जेवणार असतील तर त्यांची अंडी बारा मिनिटं उकडून पक्की करा. ओला बलक त्यांना देऊ नका.

ही अंडी मुरवायला जपानी घरात सोया सॉस आणि मिरिन लागतं. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू, तिचं काम गोडवा आणि चकाकी देणं. ते काम काकवी उत्तम करते. काकवी नसेल तर किसलेला गूळ गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. अर्धी वाटी सोया सॉस, एक वाटी पाणी, दोन मोठे चमचे काकवी आणि आल्याच्या दोन चकत्या एक उकळी आणून गार करा. अंडी अरुंद बरणीत भरून वर हे ओता, अंड्यांवर टिश्यू पेपर पसरा म्हणजे वरचा भागही भिजत राहतो, आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. आपल्या हवेत ती ओट्यावर ठेवायची नाही. संध्याकाळी जेवणार असाल तर दहा-बारा तासांवर ती अंडी बाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवा, नाहीतर पांढरं चिवट आणि खारट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्सा. हाडं गार पाण्यात घालून एक उकळी आणा, वर आलेल्या फेसासकट ते पाणी फेका, हाडं आणि भांडं धुवा. मग कुकरमध्ये सव्वा लिटर पाणी, हाडं, गॅसच्या जाळावर काळा भाजलेला अर्धा कांदा, टोमॅटो, ठेचलेलं आलं, सहा पाकळ्या लसूण. एका शिट्टीनंतर मंद आचेवर चाळीस मिनिटं. मीठ अजिबात नाही. हळद, गरम मसाला, मालवणी मसाला यांनाही हात लावू नका. मला हे मसाले मनापासून आवडतात, पण लवंग-दालचिनी आली की सुकटीची आणि तिळाची चव मागे पडते आणि मग तो रस्सा वड्यांसोबतच शोभतो.

कुकर गॅसवर असताना सुकट निवडा. ताटात पसरली की बारीक खडा, शंखाचा तुकडा, चुकार काडी दिसते, ती वेचून टाका. मग तव्यावर कोरडी भाजा. आधी मऊ असते, दोन मिनिटांत रंग गुलाबीवरून नारिंगीकडे जातो आणि उलथन्याखाली कुरकुर आवाज येऊ लागतो. गार झाल्यावर तळहातांत चोळून चाळणीत पाखडा. चाळणीखाली पडलेली रेती बघितलीत की ही पायरी का गाळायची नाही ते कळेल. भाजताना खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. शेजारी शाकाहारी असतील तर ही भाजणी जेवणाच्या वेळेला करू नका, एवढी काळजी घ्यायलाच हवी. भाजलेली सुकट, दोन मोठे चमचे, मलमलच्या पुरचुंडीत बांधून रस्सा गाळल्यावर त्या गरम रश्श्यात पंधरा मिनिटं सोडा आणि काढून घ्या. कुकरमध्ये हाडांबरोबर ती शिजवली तर कडवट उतरते.

खारटपणा रश्श्यात घालायचा नसतो, तो वाडग्याच्या तळाशी असतो. जपानी लोक त्या अर्काला तारे म्हणतात. दोघांसाठी चार मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर काकवी, व्हिनेगरचे काही थेंब आणि अंड्यांच्या बरणीतलं दोन चमचे पाणी, हे सगळं दोन मिनिटं उकळून ठेवा. एका वाडग्याला दोन मोठे चमचे तारे आणि साडेतीनशे मिलीलिटर रस्सा. सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्के मीठ असतं, तेव्हा हाताच्या अंदाजाने ओतू नका. नुसता रस्सा चाखून आळणी लागला तरी घाबरायचं नाही.

आता तेल, ज्याच्यामुळे वाडगा समोर येताच भूक लागते. घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं असतं, जपानी तेल भाजलेल्या तिळांचं, म्हणून तेवढी भाजणी आपण घालायची. तीळ तांबूस भाजून अर्धवट कुटा. थंड तेलात चिरलेला लसूण घालून मगच गॅस लावा, लसूण सोनेरी झाला की गॅस बंद, आणि त्या उष्णतेतच कुटलेले तीळ आणि ब्याडगीचा भरडा टाका. तिरफळ शेवटी. फळ फोडून आतलं काळं चकचकीत बी फेकून द्या, ते कडू असतं; फक्त साल हलकी भाजून चुरडा. वाडग्याला तीन-चार फळांची साल पुरते. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं हे तिरफळ जपानी सान्शो आणि चिनी सिचुआन मिरीचं जवळचं नातेवाईक आहे, तिघंही एकाच वंशातली झाडं. जिभेला येणारी ती बारीक झिणझिणी रामेनमध्ये अगदी घरची वाटते.

वरच्या साहित्यात फार जीव अडकवू नका. पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळून ठेवा, पातीचा कांदा बारीक चिरून गार पाण्यात टाका, मक्याचे दाणे चालतील. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडच्या बायका बाजारात वास्ते आणतात, ते मिळाले तर जरूर घ्या, कारण जपानी वाडग्यातला मेन्मा हाही बांबूचा कोंबच. फक्त ते चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि पाणी फेकायचं; कच्चे खायचे नसतात.

नूडल्सकडे आता. रामेनच्या पिठात कान्सुई म्हणजे सोडियम-पोटॅशियम कार्बोनेटचं क्षारपाणी असतं, त्याने पिवळट रंग आणि दाताखालचा ताण येतो. पापडाच्या पिठाला पापडखार तोच ताण देतो. हक्का नूडल्सना तो आणायचा तर उकळत्या लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा खायचा सोडा थोडाथोडा घाला. एकदम घातलात तर फेस ओट्यावर येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. पाकिटावरच्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी उपसा, गरम पाण्याने पटकन धुवा, झटका. रश्श्यात शिजवू नका, रस्सा पिठूळ होतो.

त्याआधी दोन्ही वाडगे गरम पाणी भरून तापवलेले हवेत, रस्सा उकळत हवा, अंडी दोऱ्याने अर्धी कापलेली हवीत आणि जेवणारी माणसं ताटावर बसलेली हवीत. वाडग्यातलं पाणी ओता, तारे घाला, वर रस्सा, मग नूडल्स उचलून एकाच दिशेला दुमडून ठेवा, पालक, अंडं, पात, आणि सगळ्यात शेवटी तेलाचा एक चमचा. रस्सा उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. अंड्यांच्या बरणीतलं उरलेलं पाणी उकळून गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत फोडणीच्या भातात संपवा. त्यात दुसऱ्यांदा अंडी मुरवू नका.