पाडलेल्या नर्सेस क्वार्टर्सचा इतिहास कसा शोधावा

ब्रिटिश काळातल्या इस्पितळांची नावं आणि तारखा सापडतात: जे. जे. १८४५, कामा १८८६. पण परिचारिका आणि निवासी डॉक्टर राहत त्या इमारती पाडल्या की त्यांची नोंद करायची राहून जाते. मुंबईतली अशी इमारत शोधताना सुरुवात नावापासून नको, जागेपासून करा.

आधी सिटी सर्व्हेचा सी. एस. नंबर (त्या जागेचा भूमापन क्रमांक) मिळवून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. मग मुंबईचं सर्वेक्षण करणाऱ्या लॉटनचा १८६५-७२ च्या सर्वेक्षणाचा नकाशा घ्या. त्यात एक इंच म्हणजे ४० फूट, म्हणून अडीच इंचांची इमारत १०० फूट लांब. नंतरच्या नकाशाशी तो जुळवताना रस्त्याचा कोपरा, विहीर असे न हललेले निदान तीन बिंदू धरा. कुंपणाची भिंत धरू नका, रस्तारुंदीकरणात ती सरकलेली असते.

पुढचं काम एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. इस्पितळाचा कारभार जनरल डिपार्टमेंटकडे, बांधकाम पब्लिक वर्क्सकडे, म्हणजे बांधकाम खात्याकडे. दोन्हीकडची दप्तरं मागवा. प्रत्येक टिपणावर खंड, वर्ष आणि कंपायलेशन (एका विषयाच्या कागदांचा गठ्ठा) क्रमांक लगेच लिहा, नाहीतर तोच कागद पुन्हा हाती लागणं कठीण.

सगळ्यात जास्त फसगत नावांत होते. एकच घर एका कागदात ‘सिस्टर्स होम’, दुसऱ्यात ‘नर्सेस क्वार्टर्स’ असू शकतं. इस्पितळाचंही नाव बदलतं: आजचं सेंट जॉर्जेस जुन्या कागदांत ‘युरोपियन जनरल हॉस्पिटल’ या नावानं येतं. म्हणून सगळी नावं एका कागदावर मांडून प्रत्येकासाठी सूची चाळा.

मंजूर नकाशा मिळाला म्हणून इमारत तशीच उभी राहिली असं धरू नका. खर्च कमी करताना मजला किंवा व्हरांडा गळतो. बांधकाम खात्याच्या वार्षिक अहवालात प्रत्यक्ष खर्च पाहा. रकमा रुपये-आणे-पैंत असतात: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. दशांश समजून बेरीज केली की हिशेब चुकलाच.

शेवटी बांधकाम खात्याकडे निर्लेखनाचा, म्हणजे इमारत नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव माहितीच्या अधिकारात मागा. पाडण्याआधीची मोजमापं, बांधकामाचं वर्ष, सागवान आणि कौलांच्या लिलावाची यादी त्यात मिळू शकते. यादीतली तुळयांची लांबी खोल्यांच्या रुंदीशी ताडून पाहा. निवृत्त सिस्टर्सना त्याच नकाशावर बोट ठेवायला सांगा: जिना कुठे, मेस कुठे, रात्रपाळीवाल्यांची झोपायची खोली कोणती. असे तपशील सरकारी कागदांत क्वचितच येतात.