कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगची निवड: जोरदार इंजिन बांधताना या चुका टाळा

‘हे रॉड ८०० हॉर्सपॉवरचे आहेत’ असे वाक्य इंजिन बांधणाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते, आणि निवडीतील पहिली चूक याच वाक्यात असते. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला हॉर्सपॉवर कळत नाही; त्याला फक्त दाब आणि ओढ कळते. ज्वलनाच्या वेळी वायूचा दाब रॉडला खाली ढकलतो, तर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून उलटा फिरताना त्याचे जडत्व रॉडला ताणते. दाब टॉर्क आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब) यांप्रमाणे वाढतो. ओढ मात्र आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

एक हिशेब करून पाहू. स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ८६ मिमी, रॉडची लांबी १३९ मिमी, आणि पिस्टन, पिन, रिंगा व रॉडचे वरचे टोक मिळून ६०० ग्रॅम वजन धरले, तर ७००० आरपीएमला रॉडवर सुमारे १८५० किलो वजनाइतकी ओढ पडते. तेच इंजिन ८००० आरपीएमला नेले की ही ओढ सुमारे २४०० किलोंवर जाते. आरपीएम १४ टक्के वाढले आणि ओढ ३० टक्क्यांहून अधिक वाढली. त्यातही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनवर ओढीला तोलून धरणारा वायूचा दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे सर्वांत वाईट ताण तेव्हाच येतो. म्हणून रॉड निवडण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून काढाव्यात: इंजिन कमाल किती आरपीएमला फिरणार आहे आणि पिस्टन-पिनचे खरे वजन किती आहे. हलका पिस्टन घेतल्याने रॉडवरचा भार जितका कमी होतो, तितका फायदा कित्येकदा महागड्या रॉडनेही होत नाही.

टर्बो इंजिनाची गोष्ट निराळी आहे. कमी आरपीएमला भरपूर बूस्ट दिला की रॉड ताणाने तुटण्याऐवजी दाबाने वाकतो. अशा ठिकाणी दाबाखाली ताठ राहणारा, भरीव, इंग्रजी ‘I’ आकाराच्या छेदाचा आय-बीम रॉड अधिक भरवशाचा ठरतो. मात्र रॉडचा छेद ‘एच की आय’ आकाराचा या वादाला मिळते तितके महत्त्व मला पटत नाही. धातूचा दर्जा, फोर्जिंग (धातू दाबून घडवणे), पृष्ठभागावरील खुणा आणि बोल्ट यांवर रॉडचे आयुष्य आकारापेक्षा अधिक अवलंबून असते.

धातू निवडतानाही हेच तारतम्य हवे. फोर्ज केलेला ४३४० दर्जाच्या मिश्र पोलादाचा रॉड बहुतेक कामांना पुरतो. ॲल्युमिनियमचा रॉड ड्रॅग शर्यतीत उत्तम चालतो, पण त्याचे थकव्याचे आयुष्य (वारंवार भार पडून तडा जाईपर्यंतचे) मर्यादित असते आणि तो तापल्यावर व ताणाखाली जास्त लांबतो, त्यामुळे पिस्टन आणि हेड यांत अधिक अंतर सोडावे लागते. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो घालणे ही निव्वळ हौस होय. टायटॅनियम हलके असते, परंतु रॉडच्या कडा क्रँकच्या गालाला (बाजूच्या सपाट भिंतीला) घासून चिकटू नयेत म्हणून त्यावर योग्य लेप असावाच लागतो. रॉडच्या लांबीचे स्ट्रोकशी असलेले गुणोत्तर हाही असाच अतिचर्चित विषय आहे. होंडाच्या बी१६ए इंजिनात ते सुमारे १.७४ आहे आणि बी१८सीमध्ये सुमारे १.५८, तरी दोन्ही इंजिने ८००० आरपीएमच्या पुढे फिरतात.

बोल्टकडे दुर्लक्ष

रॉड तुटला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा आधी बोल्ट सैल पडलेला किंवा तुटलेला असतो. टॉर्क रेंचवरचा आकडा म्हणजे बोल्टमधील ताण नव्हे. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने नव्वद टक्के बोल्टच्या डोक्याखालील आणि आट्यांमधील घर्षणात खर्च होतो, उरलेल्या थोड्या भागातून कॅप (रॉडच्या खालच्या टोकाचा सुटा अर्धा भाग) धरून ठेवणारा ताण तयार होतो. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या वंगणाऐवजी हाताशी असलेले इंजिन ऑइल लावले, की आकडा तोच राहूनही ताण बदलतो. शक्य असेल तेथे स्ट्रेच गेजने बोल्ट किती लांबला ते मोजावे आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहावे. प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी आधीच नोंदवून ठेवावी. इंजिन पुन्हा उघडल्यावर एखादा बोल्ट मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमीने किंवा अधिक लांब आढळला, तर तो टाकून द्यावा.

जुन्या रॉडला नवे, अधिक ताकदीचे बोल्ट लावून मोकळे होणे हीदेखील मोठी चूक आहे. नव्या बोल्टचा ताण वेगळा असल्याने बिग एंडची (क्रँकला धरणाऱ्या रॉडच्या खालच्या टोकाची) गोलाई बिघडते, म्हणून बोल्ट बदलल्यावर बिग एंड मोजून, गरज असल्यास पुन्हा होन (घासून अचूक मापाचा) करून घ्यावा लागतो.

बेअरिंग ‘कठीण तेवढे चांगले’ नव्हे

शर्यतीच्या इंजिनात बहुधा तीन थरांचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) वापरतात: पोलादी पाठ, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर मऊ ओव्हरले. हा मऊ थर किंचित वाकडेपणा सामावून घेतो आणि बारीक कचरा स्वतःत रुतवून घेतो. अधिक कठीण शेल जास्त भार सोसतो, पण क्रँकची चूक तो माफ करीत नाही.

शेल कोणताही असो, निर्णायक ठरतो तो क्लिअरन्स, म्हणजे शेल आणि क्रँक यांतील ऑइलची फट. जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दर २५ मिमी व्यासाला सुमारे ०.०२५ मिमी हा जुना नियम आरंभबिंदू म्हणून योग्य आहे, आणि जोरदार इंजिनासाठी त्यात साधारण ०.०१३ मिमीची भर घालतात. ४८ मिमीच्या क्रँकपिनला (रॉड बसतो त्या जर्नलला) म्हणजे ०.०६ मिमीच्या आसपास. ‘रेसिंगचे इंजिन आहे, जरा मोकळे ठेवू’ हा विचार मात्र महागात पडतो, कारण बेअरिंगच्या कडांतून निसटणारे ऑइल क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढते. क्लिअरन्स ०.०५ वरून ०.०७५ मिमी केला, तर गळती तिपटीहून अधिक होते. मग मोठा पंप आणि घट्ट ऑइल यांची तजवीज करावी लागते. उलट, कमी क्लिअरन्समध्ये फार घट्ट ऑइल घातले तर शेल तापतो.

हे माप डब्यावरील आकड्यावरून न घेता प्रत्यक्ष घ्यावे. शेल बसवून, बोल्ट अंतिम ताणापर्यंत आवळून, मायक्रोमीटरने जर्नल मोजावा आणि त्याच मायक्रोमीटरवर बोअर गेज (आतला व्यास मोजणारे उपकरण) शून्य करावा, म्हणजे उपकरणाची चूक दोन्हीकडे सारखीच राहते. गेज जोडरेषेच्या (दोन अर्धे शेल मिळतात ती रेषा) काटकोनात धरावा, कारण शेल जोडरेषेजवळ मुद्दाम पातळ ठेवलेले असतात आणि तिथे माप नेहमी मोठेच येते. प्लॅस्टिगेज (दाबला जाऊन क्लिअरन्स दाखवणारा मऊ धागा) पडताळणीपुरते ठीक आहे. माप किंचित घट्ट आले, तर शेल घासण्याचा मोह आवरावा, त्याऐवजी ०.०२५ मिमी जादा क्लिअरन्स देणारा, बहुधा ‘एक्स’ अक्षराने ओळखला जाणारा संच घ्यावा, किंवा त्याच कंपनीच्या साध्या शेलसोबत त्याचा एक अर्धा भाग जोडून निम्मा फरक साधावा.

बसवताना शेलची पाठ कोरडी आणि स्वच्छ असावी. ऑइल फक्त आतल्या बाजूला. रॉडची चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असलेली बाजू क्रँकच्या फिलेटकडेच (गोलाई दिलेल्या कोपऱ्याकडे) यायला हवी. व्ही इंजिनात एका क्रँकपिनवर दोन रॉड बसतात, तेव्हा त्यांच्या सपाट बाजू एकमेकींकडे येतात. मोठ्या फिलेटच्या क्रँकला अरुंद शेल लागतो.

बिघाड झालाच तर

इंजिन उघडल्यावर शेल पुसून फेकू नयेत. प्रत्येक शेलवर सिलिंडरचा क्रमांक लिहून ते ओळीने मांडावेत. रॉडकडील वरचा शेल ज्वलनाचा भार घेतो, म्हणून तिथे ओव्हरले फुटून निघाला असेल तर डेटोनेशनचा (इंधनाच्या अनियंत्रित स्फोटाचा) संशय घ्यावा आणि इग्निशन टायमिंग व इंधन तपासावे. कॅपकडील खालचा शेल अधिक झिजला असेल, तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरवले गेले असण्याची शक्यता मोठी. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड चकाकत असेल, तर रॉड वाकलेला आहे. झीज जोडरेषेजवळ असेल, तर कॅप सरकलेली आहे किंवा ओढीमुळे बिग एंड बाजूंनी आत दबत आहे. पाठीवर चकाकणारे डाग दिसले, तर शेल रॉडमध्ये हलत होता, म्हणजे त्याला पुरेसा क्रश (बोल्ट आवळल्यावर शेलला घट्ट धरणारा दाब) मिळालेला नाही. आणि सर्व शेलवर गोलाकार रेघोट्या असतील, तर नवा रॉड मागवण्याआधी ऑइल कूलर आणि ऑइलच्या वाहिन्या धुवाव्यात, कारण मागच्या बिघाडाचा धातूचा चुरा बहुधा तिथेच अडकलेला असतो.