वाईट नोकरी सोडून चांगली धरायचीय? राजीनाम्याच्या आधी आणि नंतर काय काय करायचं

पहिली नोकरी मी रागात सोडली. भोसरी एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या व्हेंडरकडे क्वालिटीला होतो, पगार कधी १५ तारखेला, कधी २२ ला, गुरुवारची सुट्टी महिन्यातून दोनदा तरी "ऑडिट आहे, या" म्हणून जायची, आणि एका दिवशी कस्टमरकडून रिजेक्शन आलं तेव्हा साहेबांनी सगळ्या लाईनसमोर मला जे काही बोलले ते ऐकून मी गेटपास टेबलावर ठेवला आणि घरी निघून आलो. त्या दिवशी फार मोकळं वाटलं. पण सहा महिन्यांनी चाकणला एका मोठ्या कंपनीत सगळे राउंड पास झाल्यावर एचआरने रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने रीतसर मोकळं केल्याचं पत्र) मागितलं आणि ते माझ्याकडे नव्हतं. ती नोकरी गेली.

दुसऱ्यांदा नोकरी सोडली ती नीट सोडली, आणि त्यानंतर आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच पोरापोरींना सोडताना मदत केली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. माझं उदाहरण शॉप फ्लोअरचं आहे पण ऑफिसात, आयटीत, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी नोकरी वाईट आहे की महिना वाईट गेलाय ते बघा

एक वही घ्या आणि महिनाभर रोज दोन ओळी लिहा. आज किती तास थांबलो, काय बोलले, नवीन काय शिकलो, पगार किती तारखेला आला. महिन्याने वाचलं की कळतं. साहेब तापट आहेत पण पगार वेळेवर येतोय आणि काम शिकायला मिळतंय तर कदाचित डिपार्टमेंट बदलूनही भागेल. पण पगार सतत लेट, पीएफ कापतात पण पासबुकात दिसत नाही, ओव्हरटाइमची नोंदच नाही, झोप उडालीय, रविवारी किंवा गुरुवारी रात्री (ज्याची जी सुट्टी असेल ती संपताना) पोटात गोळा येतो, तर मग निघायची तयारी सुरू करा. आणि तब्येतीवर किंवा अंगावर येण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, कुणी हात उचलत असेल, छेडछाड होत असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी तिथून बाहेर पडा, कागद मागून गोळा करता येतात.

कागद आत असतानाच गोळा करा

ही पायरी लोक सगळ्यात शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. राजीनामा मेल केल्यावर काही कंपन्या त्याच संध्याकाळी तुमचा लॉगिन बंद करतात, मग पे-स्लिप कुठून काढणार? म्हणून ऑफर यायच्या आधीपासून घरच्या मेलवर किंवा फोनवर हे सगळं असू द्या: अपॉइंटमेंट लेटर, प्रत्येक इन्क्रिमेंटचं लेटर, किमान सहा महिन्यांच्या पे-स्लिप, सगळे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट), यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर), इन्शुरन्सचं कार्ड. स्वतःचे कागद घ्यायचे बरं का, कंपनीचे ड्रॉइंग, कस्टमरची लिस्ट, रिपोर्ट यातलं काहीही घ्यायचं नाही, ते चूक आहे आणि त्यावरून केसही होते.

ओरिजिनल मार्कशीट किंवा डिप्लोमाचं सर्टिफिकेट कंपनीकडे ठेवलेलं असेल तर "बँकेत लोनसाठी दाखवायचंय" असं खोटं न सांगता सरळ लेखी मागा, मेलवर. आणि नवीन ठिकाणी ओरिजिनल फक्त दाखवा, ठेवायला देऊ नका. झेरॉक्स हवी तेवढी द्या.

मग अपॉइंटमेंट लेटर शांतपणे वाचा. नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करायचे दिवस) किती, ३० दिवस, ६० की ९०? नोटीस न भरता गेलं तर वसुली बेसिकवर (मूळ पगारावर) की ग्रॉसवर (भत्त्यांसकट पूर्ण पगारावर)? बॉन्ड (ठरलेल्या काळाआधी सोडलं तर पैसे भरायची अट) आहे का? बॉन्डबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं बॉन्डला काही किंमत नसते, कुणी म्हणतं जेल होते. दोन्ही चूक. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यावर "दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही" असली अट साधारणपणे टिकत नाही, पण ट्रेनिंगचा वाजवी खर्च किंवा ठरलेली वाजवी रक्कम मागता येते, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट योग्य ठरवलीय. म्हणजे रक्कम बघा, आपल्या खिशाशी ताडून बघा, मोठी असेल तर वकिलाला एकदा दाखवा. हा दिवाणी मामला आहे, नोकरी सोडली म्हणून पोलीस उचलत नाहीत.

नवीन ऑफर: सीटीसी सोडा, हातात किती ते काढा

इथे मी जरा थांबणार आहे कारण इथे पोरं सगळ्यात जास्त फसतात. समजा ऑफर आली वर्षाला ४ लाख ८० हजार सीटीसीची, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. डोक्यात लगेच हिशोब होतो, महिना ४० हजार. आता फोड करू. बेसिक निम्मं धरलं तर वर्षाचं २,४०,०००. कंपनीचा पीएफचा हिस्सा बेसिकच्या १२ टक्के, २८,८००, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम करून सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्के, ११,५४४, तीही सीटीसीत. व्हेरिएबल समजा ४०,०००, जो वर्षाअखेरीस मिळाला तर मिळाला. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता समजा ६,०००. हे सगळं काढलं की राहिले ३,९३,६५६. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २८,८०० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० (महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००). उरले ३,६२,३५६, म्हणजे महिना साधारण ३०,२००. अजून बस आणि कॅन्टीनचे पैसे कापायचेत ते वेगळेच.

तीस हजार वाईट नाहीत, पण तुम्ही चाळीस समजून पिंपळे सौदागरला फ्लॅट बघायला लागलात तर त्रास होईल. म्हणून एचआरला सांगा, "मॅडम, मला सॅलरी ब्रेकअप मेलवर पाठवा आणि महिन्याला हातात किती येईल ते लिहा." चांगली कंपनी दोन दिवसांत पाठवते. टाळाटाळ करत असतील तर तेही एक उत्तरच आहे.

पगार कमी असलेल्यांसाठी अजून एक. आत्ता तुमचा पगार २१,००० च्या आत असेल तर तुम्ही ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा योजनेत) आहात आणि आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचेही उपचार त्यातून होत असतील. नवीन पगार २१,००० च्या वर गेला की नवीन कंपनीत ईएसआयसी लागत नाही. वडिलांचं डायलिसिस किंवा आईची शुगरची औषधं त्यावर चालू असतील तर नवीन कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील आहेत का, हे आधी विचारा. एका मैत्रिणीने हे विचारलं, पॉलिसीत फक्त नवराबायको आणि मुलं निघाली, मग तिने त्या खर्चाइतका पगार वाढवून मागितला आणि तो मिळाला.

नवीन जागा खरंच चांगली आहे का हे बघायला एक दिवस शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा. बाहेर येणाऱ्या दोन-तीन लोकांना विचारा, पगार किती तारखेला होतो, माणसं टिकतात का, मागचा माणूस का सोडून गेला. गेटवरच्या दहा मिनिटांत जे कळतं ते इंटरव्ह्यूच्या तीन राउंडमध्ये कळत नाही. कंपनी खरी आहे का ते कॉर्पोरेट मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकून बघता येतं. आणि ऑफर लेटरसाठी, युनिफॉर्मसाठी, "डिपॉझिट" म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

पाच वर्षं होत आली असतील तर कॅलेंडर बघा

ग्रॅच्युइटी कायम कामगाराला साधारण पाच वर्षं झाल्यावर मिळते. हिशोब सोपा आहे, शेवटच्या पगारातला बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक २६,००० असेल तर वर्षाचे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. चार वर्षं २४० दिवस झाले तरी पाच वर्षं धरावीत असा निकाल मद्रास हायकोर्टाने दिलेला आहे, पण सगळ्या कंपन्या ते आपणहून मान्य करत नाहीत, म्हणून दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न असेल तर नवीन कंपनीकडून जॉइनिंगची तारीख पुढची मागा. ७५ हजार दोन महिन्यांसाठी सोडून देऊ नका.

राजीनामा

लेखी ऑफर हातात, तुम्ही ती मेलवर स्वीकारलेली, त्यावर जॉइनिंगची तारीख, आणि मेडिकल किंवा बॅकग्राउंड चेक काही बाकी असेल तर तेही झालेलं, यानंतरच राजीनामा. "तुमचं फायनल आहे हो, लेटर सोमवारी देतो" यावर राजीनामा दिलेले दोन जण मला माहीत आहेत, दोघांचा सोमवार आलाच नाही.

आधी साहेबांना समोर भेटून सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मग त्याच दिवशी मेल. मेल छोटा ठेवा: "मी अमुक पदाचा राजीनामा देत आहे. अपॉइंटमेंट लेटरप्रमाणे माझा नोटीस पिरियड अमुक दिवसांचा असून शेवटचा दिवस अमुक तारीख राहील. तोपर्यंत काम नीट हँडओव्हर करेन. कृपया राजीनामा मिळाल्याचं आणि स्वीकारल्याचं कळवावं." बस. तक्रारी, अपमान, कोण कसं वागलं, काही लिहायचं नाही. मला माहितीय की लिहावंसं वाटतं, मीही रात्री दोन पानं लिहिली होती आणि सकाळी पुसली. मेल घरच्या मेलला सीसी करा. कंपनीत मेल नसेल तर दोन कॉपी काढून एकीवर सही-शिक्का आणि तारीख घ्या, सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

मग बहुतेक वेळा काउंटर ऑफर येते. "तीन हजार वाढवतो, थांब." विचार करायला हरकत नाही, पण वही उघडून बघा, त्यात लिहिलेला त्रास पैशाचा होता की माणसांचा? माझ्या वहीत तीस दिवसांत पैशाबद्दल फक्त चार ओळी होत्या, म्हणून मी थांबलो नाही.

नोटीसचे दिवस

या दिवसांत रोज वेळेवर जा आणि काम नीट करा, कारण बॅकग्राउंड चेकचा फोन याच लोकांना जाणार आहे. मी जाताना कॅलिब्रेशन रजिस्टर, गेजची लिस्ट, कुठल्या पार्टला कुठला प्रॉब्लेम वारंवार येतो हे सगळं एका फाइलीत लिहून दिलं आणि माझ्या जागी येणाऱ्या पोराला आठवडाभर सोबत घेऊन फिरलो. तो पोरगा अजून फोन करतो.

नवीन लोक लवकर बोलावत असतील तर नोटीस बायआउट (उरलेल्या नोटीसऐवजी पैसे भरून मोकळं होणं) विचारा, काही कंपन्या ते पैसे भरतात, पण ते लेखी घ्या आणि तुम्ही वर्षाच्या आत सोडलं तर परत मागणार का तेही वाचा. नो ड्यूजवर (काही देणं बाकी नाही या फॉर्मवर) स्टोअर, टूल क्रिब, कॅन्टीन, आयटी सगळ्यांच्या सह्या शेवटच्या दिवसाच्या आधी सुरू करा, कारण त्या दिवशी हमखास कुणीतरी सुट्टीवर असतं.

निघाल्यावर

शेवटच्या दिवशी किंवा लगेच नंतर रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे, तरी फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशोबाला) महिना-दीड महिना लावणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. दर आठवड्याला एक नम्र मेल करत राहा. अगदीच दाद देत नसतील तर सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज देता येतो, आणि पीएफ कापून भरला नसेल तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. नवीन कंपनीला जुनाच यूएएन द्या, दुसरा बनू देऊ नका. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि ट्रान्सफर केला तर जुनी वर्षंही धरली जातात, शिवाय पेन्शनला दहा वर्षं लागतात ती तुटत नाहीत. जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट टाकलीय का बघा, नसेल टाकली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर जुन्या पगाराचा तपशील नवीन कंपनीला द्या. नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळं धरून टॅक्स कमी कापला जातो आणि जुलैत रिटर्न भरताना एकदम व्याजासकट भरावा लागतो.

जुना ग्रुप इन्शुरन्स साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. मधे आठ-पंधरा दिवसांची गॅप असेल तर त्या दिवसांत घरचं कुणी आजारी पडलं तर काय, हे आधीच ठरवा. जमत असेल तर नोकरीशी संबंध नसलेली एक स्वतःची छोटी पॉलिसी चालू ठेवा, कारण नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, ते वेटिंग जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

नवीन ठिकाणी पहिला पगार आला की पे-स्लिप घेऊन बसा आणि ऑफरच्या ब्रेकअपशी एकेक आकडा जुळवा, दुसऱ्या महिन्यात पीएफचं पासबुक उघडून पैसे आलेत का बघा. फरक दिसला तर लगेच विचारा, प्रोबेशन चालू आहे म्हणून गप्प बसू नका. माझ्या पहिल्या स्लिपमध्ये बसचे पैसे दोनदा कापले होते, विचारल्यावर एचआरच्या ताईंनी पुढच्या पगारात परत टाकले.